पावसाळा लागला की एसीच्या पाइपातून पाणी का टपकतं? इन्सुलेशनची निवड आणि दुरुस्ती

मे महिन्यात एसी नीट चालतो. जूनमध्ये पावसाने बस्तान मांडलं की इनडोअर युनिटच्या कोपऱ्याखाली भिंतीला ओल येते, फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटतो, नाहीतर पॅसेजमध्ये पाइप वळतो तिथून थेंब पडू लागतात. मेकॅनिक येतो, ड्रेन (आतलं पाणी बाहेर सोडणारा पाइप) फुंकून जातो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दर पावसाळ्यात हे होत असेल आणि ड्रेन मोकळा असेल, तर इनडोअर आणि आउटडोअर युनिट जोडणाऱ्या तांब्याच्या दोन पाइपांवरचं (एक जाड, एक बारीक) इन्सुलेशन तपासायला हवं. ते बहुतेक वेळा पातळ असतं, मध्येच तुटलेलं असतं किंवा मुळात चुकीच्या मालाचं असतं.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

एसीच्या आसपास पाणी चार वाटांनी येतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. हे न ठरवता इन्सुलेशन बदललं तर पैसे वाया जातात.

ड्रेनची खात्री सोपी. मेन स्विच बंद करून इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. बाहेरच्या तोंडाशी ते लगेच धारेने पडलं तर ड्रेन मोकळा आहे. दुसरी वाट पावसाच्या पाण्याची: एसी दोन दिवस बंद ठेवूनही पाऊस पडला की ओल वाढते, तर भिंतीतलं भोक नीट बुजवलेलं नाही किंवा त्याचा उतार आतल्या बाजूला आहे. तिसरी वाट बर्फाची. फिल्टर चोंदला किंवा गॅस कमी झाला की कॉइलवर आणि बारीक पाइपाच्या नटाजवळ पांढरा बर्फ धरतो, एसी बंद केल्यावर वितळतो आणि बदाबदा पाणी येतं. इथे कितीही जाड इन्सुलेशन लावलं तरी उपयोग नाही. आधी फिल्टर धुवा, गळती शोधून बुजवा, मग गॅस भरा.

इन्सुलेशनच्या दोषाची खूण अशी: एसी दोन-तीन तास चालल्यावर टपकणं सुरू होतं, दमट दिवशी वाढतं, एसी बंद केल्यावर तासाभरात थांबतं.

इथे एका गोष्टीने भले भले फसतात. पाणी तयार होतं एका जागी आणि पडतं दुसऱ्याच जागी. वरच्या पांढऱ्या टेपच्या आत, तांब्याला धरून ते उताराने वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या वळणावर टपकतं. म्हणून डाग दिसतो तिथे टेप फाडून काही सापडत नाही. वरच्या टोकाकडून, म्हणजे इनडोअर युनिटच्या मागच्या जोडापासून, टेप सोडवत खाली या. पहिली ओली जागा लागेल तिथे दोष असतो.

मे महिन्यात का होत नाही

फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच हे. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण १४.५ अंश. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या वर जातो. चालू एसीच्या जाड पाइपाचं तापमान बहुतेक ५ ते १२ अंशांत असतं. आपण ८ धरू. पुण्यात इन्सुलेशनची बाहेरची बाजू १६ अंशांवर राहिली तरी ती कोरडी. कोकणात तीच बाजू २७ अंशांच्या वर, म्हणजे हवेपेक्षा जेमतेम पावणेतीन अंशांनी थंड राहिली पाहिजे. उन्हाळ्यात पुरेसं ठरलेलं इन्सुलेशन पावसाळ्यात कमी पडतं ते यामुळे. जाडी निवडताना जुलैची आर्द्रता धरावी. मेचा उकाडा इथे कामाचा नाही.

एसी चालू असलेल्या बंद खोलीत मात्र हवा कोरडी होते. २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १६ च्या आसपास येतो, त्यामुळे तिथे इन्सुलेशनची ६ मिलिमीटर जाडीची नळीही बहुधा कोरडी राहते. पाइप खोलीबाहेर पडून पॅसेज, डक्ट, बाथरूमचा माळा किंवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत शिरतो, तिथे खरी अडचण असते.

जाडी किती हवी

अर्धा इंची, म्हणजे चार सुती पाइप घेऊ. दीड टनाच्या बहुतेक एसींचा जाड पाइप हाच असतो. पाइप ८ अंशांवर, हवा ३० अंशांवर आणि काळी, चकाकी नसलेली नायट्राइल रबराची नळी, असा हिशेब केला तर ६ मिलिमीटर जाडीच्या नळीवर ६५ टक्के आर्द्रतेलाच दव धरू लागतं. ९ मिलिमीटरची नळी ७५ टक्क्यांपर्यंत टिकते, १३ ची ८२ पर्यंत आणि १९ ची ८८ पर्यंत. हे आकडे मोकळ्या हवेतल्या, न दाबलेल्या, सलग नळीचे आहेत. पाइप भिंतीला घट्ट चिकटून असेल किंवा कोपऱ्यात हवा खेळत नसेल तर ते आणखी खाली येतात. ९५ टक्के आर्द्रतेच्या रात्री १९ मिलिमीटरवरही थोडं दव बसेल, पण थेंब होऊन गळण्याइतकं सहसा नाही.

किनारपट्टीवर, म्हणजे मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात, खोलीबाहेरच्या भागात जाड पाइपाला १९ आणि बारीक पाइपाला १३ मिलिमीटर लावा. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे जाड पाइपाला १३ आणि बारीक पाइपाला ९ पुरतं. पुण्यातही पाइप बंद डक्टमधून जात असेल तर १९ घ्यावं, फरक थोड्या पैशांचा आहे. पाइप जाड होईल तशी तीच नळी कमी पडते, त्यामुळे दोन टनाच्या पाच सुती पाइपाला काटकसर नको.

एसीच्या खोक्यात येणारी पांढरी फोमची नळी बहुधा ६ ते ९ मिलिमीटरची असते. खोलीतल्या खोलीत, दोन-तीन मीटरच्या अंतराला ती चालते. पॅसेजमधून सात-आठ मीटर न्यायची असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलबद्दल मोठा गैरसमज आहे. फॉइल लावलं की इन्सुलेशन सुधारतं असं वाटतं, पण दव धरण्याच्या बाबतीत उलट घडतं. काळा, खरबरीत पृष्ठभाग आसपासच्या भिंतींकडून उष्णता घेऊन थोडा उबदार राहतो. चकाकणारा पृष्ठभाग ती घेत नाही, म्हणून जास्त थंड राहतो. १३ मिलिमीटरच्या नळीवर फॉइल गुंडाळलं तर ती दवाच्या बाबतीत साध्या ९ मिलिमीटरच्या नळीइतकीच उरते. फॉइल लावायचंच असेल तर जाडी एक पायरी वाढवा.

दुकानात माल कसा ओळखायचा

घरच्या एसीसाठी बंद पेशींचं नायट्राइल रबर हा सर्वांत सोयीचा माल. पेशी बंद असल्याने वाफ आत शिरत नाही, नळी वाकते आणि सांधे डिंकाने पक्के बसतात. क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीनही चांगलं, पण वळणावर ताठ राहतं आणि त्याचे सांधे चिकटवायला अवघड. बाहेरचा भाग लांब असेल, ऊन कडक असेल किंवा एसी गरम हवाही देणारा असेल तर ईपीडीएम रबर घ्या, कारण हीटिंगवर जाड पाइप बराच तापतो आणि साधा पॉलिथिलीन फोम त्या उष्णतेने आक्रसतो. पॅकिंगचा फोम आणि गादीचा स्पंज या कामाचे नाहीत.

नळीचा एक सेंटिमीटर जाडीचा काप काढून घ्या. तो ओठांना लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर पेशी उघड्या आहेत, माल परत करा. कापलेल्या बाजूला पेशी बारीक आणि सारख्या दिसायला हव्यात. मोठी भोकं, पोकळ्या नकोत. चिमटीत दाबून सोडल्यावर काप लगेच मूळ आकारात यावा. घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करता येते: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुकडा तोला, चोवीस तास पाण्यात दाबून ठेवा, वरून पुसून पुन्हा तोला. चांगल्या मालाचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. जाडी पट्टीने स्वतः मोजा, छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, आणि चार ठिकाणी मोजा, कारण हलक्या मालात भोक मध्यभागी नसतं. एका बाजूला १३ आणि दुसऱ्या बाजूला ९ भरत असेल तर ती नळी ९ चीच.

भोकाचं मापही जुळलं पाहिजे. दोन सुती पाइपाला ६ मिलिमीटर, तीन सुतीला १०, चार सुतीला १३, पाच सुतीला १६ मिलिमीटर आतला व्यास. सैल नळीच्या आत हवेची पोकळी राहते आणि एकाही सांध्यातून दमट हवा आत गेली की ती पोकळी पाण्याने भरते. आगीच्या वर्गासाठी नळीवर ‘क्लास ओ’ किंवा ‘क्लास वन’ छापलेलं असतं. इमारतीच्या डक्टमधून पाइप जाणार असतील तर ‘क्लास ओ’ मागा.

बारीक पाइपही थंड असतो

सगळ्यात जास्त चूक इथे होते. “बारीक पाइप लिक्विडचा, तो गरम असतो, त्याला काय लावायचं,” असं सर्रास ऐकू येतं. ज्या यंत्रणेत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (लिक्विडचा दाब उतरवून ते थंड करणारा भाग) इनडोअर युनिटमध्ये असतो तिथे ते खरं आहे. घरगुती स्प्लिट एसीत मात्र तेच काम करणारी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, किंवा व्हॉल्व्ह बहुतेक आउटडोअर युनिटमध्येच असतो. म्हणजे बाहेरून निघतानाच गॅस थंड झालेला असतो आणि बारीक पाइपही दव धरण्याइतका गार असतो. एसी अर्धा तास चालवून आउटडोअरच्या नटाजवळ बोट लावून बघा, लगेच कळेल.

म्हणून दोन्ही पाइपांना स्वतंत्र नळी. दोघांना एका मोठ्या नळीत कोंबलं तर मध्ये त्रिकोणी पोकळी राहते, नळीची चीर बंद होत नाही आणि टेपने कशीबशी आवळावी लागते.

भोक, नट आणि वळणं

चांगला माल आणूनही ओल येते, तेव्हा दोष या तीन जागी सापडतो.

भिंतीतल्या भोकाचा हिशेब करून बघा. चार सुती पाइपावर १३ मिलिमीटरची नळी घातली की बाहेरचा व्यास ३९ मिलिमीटर होतो. दोन सुती पाइपावर तीच जाडी घातली की ३२. दोन्ही शेजारी ठेवले की ७१ मिलिमीटर, आणि ड्रेनचा पाइप व वायर वेगळीच. पण भोक पाडलं जातं ते बहुधा ६५ मिलिमीटरचं. बंडल आत जात नाही, मग भिंतीच्या नऊ इंच जाडीपुरतं इन्सुलेशन सोलून पाइप आत ढकलले जातात. नेमका तोच भाग भिंतीच्या पोटात, कोणाला न दिसणारा, आणि तिथूनच प्लास्टरला ओल फुटते. १३ मिलिमीटर लावणार असाल तर भोक ९० मिलिमीटरचं, १९ लावणार असाल तर ११० चं पाडायला सांगा आणि मिस्त्रीने भोकासाठी मशीन लावण्याआधीच हे सांगा. भोकाला बाहेरच्या बाजूला ५ ते १० मिलिमीटर उतार द्या. बाहेर भिंतीत शिरण्याआधी पाइपाला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच गळून पडेल.

भोक दोन्ही टोकांनी बुजवायचं असतं. बाहेरचं तोंड सगळे बुजवतात, आतलं राहून जातं, आणि दमट हवा त्या वाटेने इनडोअर युनिटच्या पाठीशी येऊन गार पत्र्यावर पाणी धरते. बुजवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं.

दुसरी जागा इनडोअर युनिटच्या मागचे फ्लेअर नट, म्हणजे पाइप युनिटला जोडणारे पितळी नट. साबणाच्या पाण्याने गळती तपासायची म्हणून ते उघडे ठेवले जातात आणि तपासून झाल्यावर तसेच राहतात. वरून टेप गुंडाळली की सगळं झाकलं गेल्यासारखं दिसतं. दोन इंच उघडं पितळ रात्रभरात रुमाल भिजवेल एवढं पाणी देतं. नटावर नळी बसत नाही, म्हणून १३ मिलिमीटरच्या नायट्राइल शीटचा तुकडा कापून त्याभोवती गुंडाळा, दोन्ही बाजूंच्या नळीवर किमान ५ सेंटिमीटर चढवा आणि कडा डिंकाने चिकटवा.

वळणावर नळी बाहेरच्या अंगाने ताणून पातळ होते आणि आतल्या अंगाने सुरकुतते. काटकोनात वळवायचं असेल तर नळीचे तिरके काप करून कोपरा जोडा. क्लॅम्पखाली नळी चिरडते, १३ ची ५ होते आणि प्रत्येक क्लॅम्पखाली ओला पट्टा उमटतो. रुंद क्लॅम्प वापरा, खाली कडक पीव्हीसीची अर्धगोल पट्टी ठेवा आणि नळी दबणार नाही इतपतच आवळा.

चालू एसीवर दुरुस्ती

गॅस काढावा लागत नाही. पाच मीटर अंतराच्या दीड टनी एसीला असा माल लागतो: चार सुती पाइपासाठी दोन मीटरच्या तीन नळ्या, बारीक पाइपासाठी तीन, शीटचा एक फूट तुकडा, नायट्राइलसाठीचा कॉन्टॅक्ट डिंक पाव लिटर आणि बिनचिकट पीव्हीसी टेपचे दोन-तीन रोल. काम कोरड्या दिवशी करा. ऑक्टोबर ते मे हा काळ उत्तम.

एसी बंद करून किमान दोन तास थांबा, पाइप हवेइतका उबदार होऊ द्या. जुनं इन्सुलेशन ओलं असेल तर पूर्ण काढा, त्यावर दुसरा थर चढवू नका. भिजलेला फोम उष्णता अडवत नाही आणि आतलं पाणी तांब्याला वर्षानुवर्षं चिकटून राहतं. तांब्यावर हिरवे ठिपके दिसले तर साबणाच्या पाण्याने गळती तपासून घ्या. बारीक छिद्रं बहुतेक अशाच जागी पडतात. मग पाइप कोरड्या फडक्याने पुसा.

नळीला लांबीच्या दिशेने एकच सरळ चीर द्या. धारदार कटर लागतं, बोथट पात्याने कडा फाटतात. नळी पाइपावर चढवून चिरेच्या दोन्ही कडांना डिंकाचा पातळ हात द्या आणि थांबा. पाच-सात मिनिटांनी बोट लावल्यावर डिंक बोटाला येत नाही, पण चिकट लागतो, तेव्हा आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग उरलेला भाग दाबत जा. ओला डिंक दाबला तर चीर संध्याकाळपर्यंत उघडते. प्रत्येक नळी मापापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर जास्त कापा आणि ढकलून बसवा, म्हणजे सांधा दाबाखाली राहतो. ताणून बसवलेली नळी काही महिन्यांत आक्रसते आणि सांध्यात बोटभर तांबं उघडं पडतं. दोन नळ्यांच्या टोकांनाही डिंक लावायचा. चीर भिंतीकडे किंवा खाली ठेवा.

जुनं इन्सुलेशन कोरडं असूनही पातळ असेल तर काढायची गरज नाही. चार सुती पाइपावर ९ मिलिमीटरची नळी असेल तर बाहेरचा व्यास ३१ येतो. त्यावर ३२ ते ३५ मिलिमीटर भोकाची नळी बसते. दोन्ही थरांच्या चिरा आणि सांधे समोरासमोर येऊ देऊ नका.

डिंक पक्का व्हायला २४ ते ३६ तास एसी बंद ठेवा. घाईत हे टाळलं जातं आणि पहिल्याच रात्री सांधे उकलतात.

टेप शेवटी, आणि ती फक्त वरचं आवरण आहे, तिने वाफ अडत नाही. खालून वर गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढू द्या, म्हणजे मंगलोरी कौलांसारखं पाणी वरच्या वेढ्यावरून खालच्यावर ओघळतं. वरून खाली गुंडाळलेली टेप प्रत्येक वेढ्याच्या कडेला पाणी आत घेते. घट्ट आवळू नका. बंडलमध्ये ड्रेनचा पाइप तळाला, वायर वर. फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या ड्रेनलाही ६ किंवा ९ मिलिमीटरची नळी घाला, त्यातलं पाणीही गार असतं.

उन्हातला भाग

नायट्राइलला ऊन सोसत नाही. उघडी काळी नळी राखाडी पडते, तडकते आणि बोट फिरवलं की भुकटी निघते. पांढरी टेपही दोन-तीन उन्हाळ्यांत चिप्ससारखी तुटते. गच्चीवर आणि भिंतीवर पीव्हीसीचं केसिंग लावा, ते उंदरांपासूनही बऱ्यापैकी वाचवतं. केसिंग नसेल तर नायट्राइलसाठी मिळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या, पण डिंक वाळल्यानंतरच. किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचं पत्र्याचं आवरण खाऱ्या हवेने लवकर खराब होतं, आणि ते ठोकताना स्क्रू नळीत घुसला तर त्या भोकातून वाफ आत जाते. आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी उरलेले चार-पाच इंच शीटने झाका, व्हॉल्व्हची टोपी मात्र मोकळी ठेवा.

भिंतीत पुरलेले पाइप

नवीन फ्लॅटमध्ये पाइप झिरीत (भिंतीत खोदलेल्या खाचेत) पुरून प्लास्टर केलेलं असेल तर ओल आल्यावर फोडण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून प्लास्टरआधी स्वतः उभं राहून बघा. चार सुती पाइपावर १९ मिलिमीटर म्हणजे ५१, बारीक पाइपावर १३ म्हणजे ३२, शिवाय २५ चा ड्रेन. याला साधारण ११० मिलिमीटर रुंद आणि ६० खोल झिरी लागते. चार इंची भिंतीत ती मारता येत नाही, मारली तर मागून भिंत फुटते. तिथे पाइप बाहेरून केसिंगमध्ये न्यावेत. सहा इंची भिंतीत ती बसते, पण तिथेही सिमेंटचा माल नळीला थेट लागू देऊ नका, आधी प्लास्टिकचा थर गुंडाळा. झिरीत एकही जोड असता कामा नये. गळती तपासायला पाइपात नायट्रोजन भरून, गेजवरचा आकडा चोवीस तास हलला नाही हे पाहिल्यावरच प्लास्टर करू द्या, आणि झाकण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा. पुढे चित्र टांगायला खिळा ठोकताना तो फोटो लागतो.